घरच्या मैदानावर नऊ वेळा

नागपूर
रविवार, २२ जून २०२५

प्रिय मन्या,

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी दुकानात ऐकला, तोही स्पीकरवर. त्यामुळे आपल्या मँचेस्टर युनायटेडच्या मॅनेजरला, रुबेन अमोरिमला, तू पुण्यात बसून काय काय शिव्या घालून राहिला, हे आमच्या मिस्त्रीलाही कळलं. मेसेज संपल्यावर तो म्हणाला, "भाऊ, या माणसानं यांचे पैसे बुडवले का?" मी म्हटलं, पैसे नाही, झोप बुडवली.

फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. बॉल एकदा तुझ्याकडे गेला की तू पास देतच नाहीस, शाळेपासूनची खोड आहे. म्हणून कागद घेतला. वेळही आहे. यंदा मे महिन्यात अवकाळी पाऊस इतका आला की लोकांनी कूलरच्या ताट्याच बदलल्या नाहीत. वुडवूलचा गठ्ठा तसाच पडून आहे. एप्रिल-मे म्हणजे आमचा घरचा सीझन, तोच हातचा गेला. तेव्हा घरच्या मैदानावर हरणं म्हणजे काय, ते मला सांगू नको.

अमोरिमला काढा म्हणून तू जो हिशेब दिलास तो मला मान्य आहे. प्रीमियर लीगच्या २७ मॅचेस, ७ जिंकल्या, ६ बरोबरीत, १४ हरल्या. असा माणूस मी दुकानात ठेवला असता का? नसता ठेवला. पण तो आला तेव्हा दुकानाची दशा काय होती? आधीच्या मॅनेजरला, टेन हागला, ऑक्टोबरच्या शेवटी काढलं तेव्हा आपण चौदावे होतो. अमोरिम स्वतः सांगत होता की मला हंगाम संपल्यावर येऊ द्या. क्लब म्हणाला, आत्ता ये नाहीतर राहू दे. चार डिफेंडरच्या खेळासाठी जमवलेली पोरं, त्यांच्याकडून तीन डिफेंडर आणि कडेनं वर-खाली पळणाऱ्या दोन विंगबॅकचा खेळ करून घ्यायचा, तोही दर तीन दिवसांनी मॅच असताना. खिडकीच्या कूलरमध्ये डेझर्ट कूलरची मोटर बसवल्यासारखं आहे हे. बसते, पण बॉडी थरथरते आणि शेजारी तक्रार घेऊन येतात.

मी त्याचा वकील नाही. तो हट्टी आहे. युरोपा लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या नंबरच्या स्पर्धेच्या, बिल्बाओतल्या फायनलला आपल्या विंगर गार्नाचोला ७१व्या मिनिटापर्यंत बाकावर बसवलं, ते मला अजून पचलं नाही. टॉटनहॅम गोल घेऊन मागे बसलेले, बॉल सगळा आपल्याकडे, आणि एका माणसाला चकवून जाणारा एकच पोट्टा होता तो बाकावर. त्या टॉटनहॅमनं आपल्याला या हंगामात चारदा हरवलं. चारदा! आणि लीगमध्ये ते स्वतः सतरावे. सतराव्याकडून पंधरावा फायनल हरतो, आणि आपण ते बघायला रात्री साडेबाराला उठून बसतो. बायको म्हणते ते बरोबरच असावं.

पण तू मॅनेजर-मॅनेजर करत जी गोष्ट सोडून दिलीस, ती मला जास्त डाचते. ओल्ड ट्रॅफर्डवर आपण लीगमध्ये नऊ वेळा हरलो. १९ पैकी ९. लिव्हरपूल ०-३, टॉटनहॅम ०-३, बोर्नमथ ०-३. ब्रायटन, न्यूकॅसल समजू शकतो. पण बोर्नमथनं सलग दुसऱ्या डिसेंबरात घरी येऊन तीन गोल मारून जावं? आणि क्रिस्टल पॅलेस, वुल्व्हज, वेस्ट हॅम? आपल्या जुन्या मॅनेजरच्या, फर्गसनच्या काळात ही मंडळी मँचेस्टरला यायची तीच मुळी किती कमी गोलांनी हरतो ते बघायला.

आता गंमत बघ. त्याच मैदानावर, त्याच पोरांनी, युरोपा लीगच्या सात मॅचेस खेळल्या. सहा जिंकल्या, एक बरोबरीत, हरली एकही नाही. मग मैदान तेच, मॅनेजर बहुतेक वेळा तोच, तर फरक कशाचा?

लियॉनची रात्र तुला सांगायचीच राहिली. तू त्या दिवशी ट्रेनमध्ये होतास, मोबाइलला रेंज नव्हती. इकडे मास्तर माझ्याकडे आले होते. मास्तर लिव्हरपूलचे, हे तुला माहीत आहे. यंदा त्यांचा लीगचा विसावा किताब झाला, आपली बरोबरी झाली, म्हणून ते हल्ली फार प्रेमानं वागतात. एप्रिलची १७ तारीख, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्री बारालाही चहासारखं. हॉलमधला कूलर फुल स्पीडवर. मी मुद्दाम त्याचा एक पाय हलता ठेवला आहे, खडखड आवाज येतो, त्यात आपला आवाज दबून जातो. दोन गोल आपले झाले, मग त्यांनी दोन्ही फेडले, मग त्यांच्या तोलिसोला लाल कार्ड. एक्स्ट्रा टाइम. दहा जणांच्या लियॉननं आणखी दोन मारले. ४-२. मास्तर उठले, डब्यातली उरलेली शेव खिशात घातली, म्हणाले, "झोप बे आता," आणि स्कूटर घेऊन निघाले. तिकडे टीव्हीवरही लोक खुर्च्या सोडून जाताना दिसत होते.

११४व्या मिनिटाला आपल्या ब्रुनोची पेनल्टी. मी उठून उभा राहिलो. १२०व्याला आपल्या मेनूचा गोल. दुपट्टा तोंडात कोंबला. आणि पुढच्याच मिनिटाला कासेमिरोचा क्रॉस, मॅग्वायरचं डोकं, ५-४. मन्या, ज्या डोक्यावर सगळ्या जगानं विनोद केले, ते डोकं! दुपट्टा तोंडात होता म्हणून बरं, नाहीतर अख्खी कॉलनी जागी झाली असती. तरी मुलगा बाहेर आलाच. डोळे चोळत म्हणाला, "बाबा, चोर आला का?" तीन वाजून गेले होते. मास्तरांना फोन लावला तर ते प्रतापनगरच्या चौकात स्कूटर थांबवून उभे, मोबाइलवर तेच बघत होते. लिव्हरपूलवाला माणूस! म्हणाले, "कोणाला सांगू नको."

आणि तीनच दिवसांनी, रविवारी संध्याकाळी साडेसहाला, त्याच मैदानावर वुल्व्हज. दुकानात गिऱ्हाईक होतं, पंप दाखवता दाखवता एक डोळा मोबाइलवर. पाऊण मॅच आपण बॉल इकडून तिकडे नेत राहिलो. बॅरिकेडपाशी ऑटो अडकावा तसा बॉल पेनल्टी बॉक्सपाशी अडकायचा. ७७व्या मिनिटाला साराबियाची फ्री किक, ०-१, खेळ खलास. मास्तरांचा मेसेज आला, फक्त एक हसरा चेहरा.

मला वाटतं, फरक असा आहे. युरोपातले लोक ओल्ड ट्रॅफर्डला आले की त्यांनाही खेळायचं असतं. ते पुढे येतात, मागे जागा सुटते, ब्रुनोला तेवढीच हवी असते. लीगमधल्या टीम्सना आता माहीत झालं आहे की यांना बॉल द्यायचा आणि दहा माणसं मागे ठेवायची. आपल्याकडे गोल मारणारा नाही. होयलुंडचे पूर्ण लीगमध्ये ४, झिर्कझीचे ३. सदतीस-अडतीस मिनिटं झाली की स्टेडियममध्ये कुजबुज चालू होते. टीव्हीवरही ऐकू येते ती. मग पोट्टे घाईनं पास देतात, पास कापला जातो, आणि समोरचा काउंटर घेऊन पळतो. विंगबॅक वर गेलेले असतात, मागे तीन बिचारे. बाहेरच्या मैदानावर ही कुजबुज नसते.

तुला कोविडचा हंगाम आठवतो? २०२०-२१. रिकामी स्टेडियम्स, टीव्हीवर खोटा गोंगाट. त्या वर्षी आपण बाहेर एकही लीग मॅच हरलो नाही, १९ पैकी एकही नाही. आणि घरी सहा हरलो, त्यातली टॉटनहॅमविरुद्धची १-६. तरी दुसरे आलो. तेव्हा मी म्हटलं होतं की लोकच नाहीत तर घर कसलं. आता लोक आहेत, चौऱ्याहत्तर हजार, तरी तेच. म्हणजे लोक असून भागत नाही, समोरच्याला त्यांची धास्ती वाटली पाहिजे. ती गेली की तेच लोक आपल्याच पोरांच्या छातीवर बसतात.

आपलं ग्राउंड आठव ना. नाल्याकडे उतार, आणि उजव्या कॉर्नरपाशी कडुलिंबाचं ते मूळ. बॉल त्यावर आदळला की डावीकडे उडायचा, हे फक्त आपल्याला माहीत. कामठीची पोरं आपल्यापेक्षा दसपट बरी खेळायची, त्यांच्या घरात तीन-तीन पिढ्या फुटबॉल. पण त्यांचा तो उंच लेफ्ट बॅक त्या मुळापाशी दर वेळी फसायचा. दुसऱ्या हाफला आपण उतारानं खेळायचो, नाणेफेक तू कशी जिंकायचास ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. त्यांच्याकडे गेलो की पाच खायचो, आपल्याकडे आले की १-१. तो होम फॉर्म मुळाचा होता, आपला नव्हता. मागच्या महिन्यात तिकडून गेलो. ग्राउंडभोवती पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक झाला आहे, व्यायामाची हिरवी-पिवळी यंत्रं लागली आहेत. कडुलिंब आहे, त्याच्या बुंध्याला सिमेंटचा ओटा बांधला. मूळ खाली गेलं. संध्याकाळी काका लोक त्यावर बसून बीपीच्या गोळ्यांबद्दल बोलतात.

आणि आपलंच मैदान आपल्यावर उलटतं, हे तर आपण २००४ साली सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए क्रिकेट मैदानावर कॉलेज बुडवून पाहिलं आहे. पिचवर हिरवं गवत बघून तू पहिल्याच दिवशी म्हणाला होतास, "हे आपल्यासाठी आहे की त्यांच्यासाठी?" ऑस्ट्रेलियानं ३४२ धावांनी धुतलं, सिरीजही नेली. परत येताना बर्डीवर तर्री पोहे खाल्ले, पैसे मी दिले. अजून दिले नाहीस तू.

तेव्हा अमोरिमला काढून काय होईल ते मला सांग. मोयस गेला, व्हॅन हाल गेला, मोरिन्यो गेला, सोल्सशायर गेला, टेन हाग गेला. २०१३ पासून लीग एकदाही आली नाही. दर वेळी नवा माणूस येतो, जुन्याची पोरं विकायला काढतो, स्वतःची मागतो, आणि दोन-अडीच वर्षांत आपण पुन्हा चहाच्या टपरीवर. २००५ मध्ये आपल्या मालकांनी, ग्लेझर कुटुंबानं, क्लब विकत घेतला तो कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. छत गळतं, जोराचा पाऊस आला की स्टँडमध्ये धबधबा. आता दोन अब्ज पाउंडांचं एक लाख लोकांचं नवं स्टेडियम बांधायचं म्हणतात. आधी आहे त्या चौऱ्याहत्तर हजारांसमोर बोर्नमथला हरवा की बाप्पा. त्यात हंगामाच्या मध्येच तिकिटं ६६ पाउंड केली, म्हाताऱ्यांना नि पोरांना सवलत नाही, कर्मचारी शेकड्यानं कमी केले. अशा घरात आलेला जावई टिकत नाही, मग तो पोर्तुगालचा असो की हॉलंडचा.

एक माझ्याकडून मान्य. पुढच्या हंगामात युरोप नाही, आठवड्याला एकच मॅच, सराव करायला भरपूर वेळ. वुल्व्हजचा कुन्हा सव्वासहा कोटी पाउंड देऊन आणला आहे, म्हणजे ज्यांनी आपल्याला दोन्ही वेळा हरवलं त्यांच्याच घरातला माणूस. आता अमोरिमला सबब नाही. दिवाळीपर्यंत घरी हाच तमाशा दिसला तर मी स्वतः तुला फोन करीन आणि तू अकरा मिनिटं बोल, मी ऐकून घेईन.

घरचं सांगायचं तर, मुलानं या वर्षी मँचेस्टर सिटीचा आकाशी शर्ट मागितला. मी नाही म्हटलं. त्याच्या आजीनं आणून दिला, तिला तो रंग "थंड" वाटतो. आता रविवारी हॉलमध्ये तो शर्ट घालून माझ्यासमोर बसतो आणि आपण हरलो की प्रेमानं पाणी आणून देतो. काकूंची तब्येत कशी आहे? त्यांना सांग, सांबारवडी, म्हणजे तुमची कोथिंबीरवडी, पाठवायची राहिली, पण सांबाराचे भाव ऐकून बायको सध्या गप्प आहे.

आता कामाचं. फिक्स्चर आलं. पहिलीच मॅच, १७ ऑगस्ट, रविवार, आर्सेनल, आणि आपल्या घरी. इथे रात्री नऊला. पोळा २२ला आहे आणि दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक. तू पोळ्याला येणार होतास ना, मग पाच दिवस आधी ये. सुट्टी मिळत नसेल तर आजारी पड. मास्तर म्हणतात, आर्सेनलनं धुतलं तर अमोरिमचा बडग्या, म्हणजे पुतळा, करून काळ्या-पिवळ्या मारबतीमागे फिरवू. मी म्हटलं, करायचाच तर मालकांचा करा, कागद मी देतो, वुडवूल दुकानात पडलेलंच आहे, पोट भरायला कामी येईल. तू कोणाचा करायचा म्हणतोस ते येताना ठरवून ये, म्हणजे मापाचा सांगाडा मिस्त्रीला आधीच सांगता येईल.

आणि पोह्यांचे पैसे घेऊन ये.

तुझा,
बबन्या