सुध्या, वाळवंटच होतं

सुध्या,

आठ महिने झाले, तुझे दोन मिस्ड कॉल तसेच पडलेत, शिव्या नंतर घाल. तब्येत ठीक, शुगर आहे तिथेच, हिचा गुडघा कुरकुरतोय. लिहायचं कारण वेगळंच आहे आणि घरात सांगितलं तर म्हणतील याला काही कामधंदा नाही.

परवा रात्री 'द सेटन बग' परत पाहिला. हो, तोच, बंडूच्या माडीवर भाड्याच्या व्हीसीआरवर रात्रीतला तिसरा पिक्चर. मी छातीठोक सांगितलेलं की सगळं इंग्लंडात घडतं, धुकं, पाऊस, ओलं गवत, आणि तू म्हणालास, वाळवंट आहे गाढवा. वीस रुपयांची पैज. पंच बंडू आणि दिल्या, जे पिक्चरभर घोरत होते, तरी निकाल माझ्या बाजूने, का तर मी पुस्तक वाचलेलं. आणि तू पंधरा दिवस बोलला नाहीस.

सुध्या, वाळवंटच आहे रे. कॅलिफोर्नियाचं, रखरखीत, डोळे दिपतील असं ऊन. ॲलिस्टर मॅक्लीनने १९६२ला इयान स्टुअर्ट या नावाने काढलेल्या कादंबरीत मॉर्डनची जंतुशस्त्रांची लॅब इंग्लंडात आहे, जॉन स्टर्जेसने १९६५ला पिक्चर काढताना ती उचलून अमेरिकेत नेली. म्हणजे धुकं मी पुस्तकातून आणून पडद्यावर चिकटवलं आणि इतकी वर्षं मला ते दिसत होतं, शपथ घेऊन सांगितलं असतं.

पिक्चर आता जरा रेंगाळतो, अर्धा वेळ सुटातले लोक खोलीत बसून बोलतात. पण लॅबमधल्या जंतूंच्या कुप्या चोरीला गेल्या की अजून पोटात गोळा येतो. बोट्युलिनस हे विष निदान काही तासांत निकामी होतं, तो दुसरा सैतान, म्हणजे सेटन बग हा विषाणू, पसरतच राहणारा. फ्लोरिडाची ती फिल्म दाखवतात, माणसं होती तिथेच पडलेली, तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. (आता त्याच विषाचं बोटॉक्स लोक पैसे मोजून कपाळात टोचून घेतात, दिल्याला सांग.) आणि पिक्चरमधलं ते स्टेडियम क्रिकेटचं नाही, बेसबॉलचं, डॉजर स्टेडियम. तेवढं माझं बरोबर होतं, कबूल कर.

पण त्या रात्री झोप लागली नाही ती पिक्चरमुळे नाही. ते पुस्तक आठवतंय? वाचनालयाचं, हरवलेलं. काउंटरवर मीच सांगितलं की शेवटी सुध्याकडे होतं, त्याच्या सायकलच्या कॅरियरला लावलेलं मी पाहिलं, आणि दंड तू भरलास, वर त्या बाईंनी तुला सगळ्यांसमोर सुनावलं. मला अजूनही ते कॅरियर दिसतं, लाल दोरी, त्यात अडकवलेलं पुस्तक. पण धुकंही असंच दिसत होतं ना! आता कॅरियर आठवायला लागलो की मधेच ती सायकल माझी वाटते. लाल दोरी तर आईनेच दिलेली, असं वाटतंय. तुझ्या सायकलला कॅरियर होतं का रे मुळात?

हिला विचारलं तर म्हणाली, पस्तीस वर्षांपूर्वीचं काय उगाळत बसलाय, गॅस बंद केलाय का ते बघा. केला नव्हता.

मुक्ताचं लग्न डिसेंबरात ना? येणार, नक्की. तुझ्या बायपासचंही उशिराच कळलं, बाकी भेटल्यावर.

तुझा,
अव्या

ता.क. वीस रुपये जीपे केलेत. दंड किती झाला होता ते कळव.