माळ्यावरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दुरुस्तीला द्या

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत सोसायट्यांनी, गणेश मंडळांनी आणि कुटुंबांनी घेतलेले कॉन्सन्ट्रेटर आता धूळ खात आहेत. सीओपीडीच्या (फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या) रुग्णांना ते आजही लागतात. आमची प्रभाग समिती ते दुरुस्त करून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, परत करण्याच्या बोलीवर वापरायला देते.

यंत्र सुरू झालं, फ्लोमीटरची गोटी पाचवर चढली, म्हणजे यंत्र चांगलं असं समजू नका. गोटी फक्त प्रवाह दाखवते, त्यात ऑक्सिजन किती ते नाही. आतल्या दोन नळकांड्यांतला झिओलाइट हा दाणेदार पदार्थ हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे सोडतो. यंत्र पावसाळाभर बंद राहिलं की तो ओलावा धरतो, मग नायट्रोजनला जागाच उरत नाही. रुग्णाला मिळते जवळपास साधी हवा. म्हणून पहिली मागणी ऑक्सिजनचं प्रमाण मोजणाऱ्या अ‍ॅनालायझरची. अर्धा तास चालवून, पूर्ण प्रवाहावर मोजून ९० टक्क्यांच्या खाली आलेलं यंत्र आम्ही उघडतो. जागतिक आरोग्य संघटनेची किमान मर्यादा ८२ आहे, पण काठावरचं यंत्र घरी पाठवणं आम्हाला पटत नाही.

पुष्कळदा दुखणं स्वस्तातलं निघतं: तुंबलेला फिल्टर, गेलेला कपॅसिटर, निसटलेली नळी. फुसफुशीचा ठेका चुकत असेल तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप करणारी झडप) बघायचा. खर्च येतो तो झिओलाइटचा. सीलबंद डबा फोडल्यावर तो लगेच, कोरड्या खोलीत भरावा लागतो. दाणे सैल राहिले तर घासून भुकटी होते आणि व्हॉल्व्ह तुंबतात. ओला झिओलाइट घरच्या ओव्हनमध्ये वाळवायचा जुगाड कृपया करू नका. तेवढी उष्णता पुरत नाही, आणि गार होताना तो पुन्हा ओलावा ओढतो.

एसी-फ्रीजचे मेकॅनिक आणि आयटीआयचे विद्यार्थी हवे आहेत. शेवटच्या तपासणीसाठी बायोमेडिकल इंजिनिअर तर हवाच. थ्रीडी प्रिंटरवाल्यांनी फिल्टरची झाकणं, चाकं छापून द्यावीत. ऑक्सिजनच्या वाटेतला भाग मात्र छापायचा नाही. तिथे तेल-ग्रीसही चालत नाही, आगीचा धोका असतो.

यंत्र उभंच आणा, आडवं केल्यास कॉम्प्रेसर स्प्रिंगवरून निसटू शकतो. वापरलेली नाकातली नळी आणू नका, ती आम्ही नवीच देतो. रोख देणगीची पावती मिळेल. ती रक्कम आधी झिओलाइट आणि व्हॉल्व्हवर खर्च होईल. समितीचं कार्यालय शनिवार-रविवार सकाळी १० ते १ उघडं असतं.