आईची सुटका होते, पुढे काय?

महोदय,

महापालिकेच्या बालवाडीतून निवृत्त झाल्यावर काही काळ मी आठवड्यातून दोन दुपारी मुंबईजवळच्या एका कारागृहात, आईबरोबर आत राहणाऱ्या मुलांना शिकवायला जात असे. अडीच ते पाच वर्षांची ती मुले होती आणि त्यांचा लाडका खेळ होता ‘टोटल’, म्हणजे तुरुंगातल्या कैद्यांच्या मोजणीची नक्कल. एकाने फूटपट्टी घेऊन उभे राहायचे, बाकीच्यांनी जोडीजोडीने उकिडवे बसायचे, मोजणी करायची आणि आकडा जुळला नाही की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. ‘गाडी’ म्हटले की जाळीच्या खिडक्यांची पोलीस गाडी एवढेच त्यांच्या डोळ्यांपुढे येई, कारण आईच्या तारखेला ती त्याच गाडीतून कोर्टात जात असत. या मुलांविषयी कळवळ्याने पुष्कळ लिहिले जाते. मला लिहायचे आहे ते त्यांच्या आयांविषयी, आणि सुटकेनंतर त्यांतल्या काही जणी पुन्हा आत का येतात याविषयी.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 31 डिसेंबर 2022 रोजी देशातील तुरुंगांत 1,537 महिला आपल्या 1,764 मुलांसह राहत होत्या. त्यांतल्या 1,312 जणी कच्च्या कैदी होत्या, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. ‘गुन्हा करताना मूल आठवले नाही का?’ असे विचारणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा. अजामीनपात्र गुन्ह्यातही स्त्रीला जामीन देण्याची मुभा न्यायालयाला पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 437 ने दिली होती आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 ने दिली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये एका गरोदर महिलेला प्रसूतीसाठी सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला, तो तुरुंगातील बाळंतपणाचा परिणाम आईइतकाच बाळावरही होतो, हे ओळखूनच. परंतु जामीन मंजूर होणे वेगळे आणि जामीनदार मिळणे वेगळे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, नवऱ्याने आणि माहेरानेही टाकलेल्या बाईने रेशनकार्ड आणि पगाराची पावती असलेला माणूस कुठून आणायचा? अशा गरीब बंद्यांसाठी केंद्र सरकारने 2023 मध्ये योजना आणली आणि तेव्हा तीत कच्च्या कैद्याला जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. मात्र तो अर्ज जिल्हा समितीपुढे जावा लागतो, आणि मी ज्या आयांशी बोलत असे त्यांना वकिलाचे नावसुद्धा धड सांगता येत नसे.

त्यांतल्या एकीची हकिकत सांगते. हार्बर मार्गावरील लोकलच्या महिला डब्यात पर्स चोरताना ती पकडली गेली आणि सुमारे चौदा महिने आत राहिली. मुलगी त्याच काळात जन्मली. जामिनाचे कागद पोहोचून प्रत्यक्ष सुटका व्हायला संध्याकाळचे साडेसात वाजले. कडेवर मूल, हातात कापडी पिशवी आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेले बाळाचे लसीकरण कार्ड, एवढे घेऊन ती बाहेर पडली. मानखुर्दची खोली नवऱ्याने सोडली होती आणि तो गावी निघून गेला होता. नणंदेने तीन दिवस ठेवून घेतले. त्यानंतर फलाट, मग एका ओळखीच्या बाईच्या खोलीचा कोपरा, आणि त्या कोपऱ्याच्या बदल्यात पुन्हा तेच काम. सुटून पाच महिने होतात न होतात तोच ती परत आत आली. आत असताना मुलीला रोज दूध मिळत होते, हे तिने मला तक्रारीच्या नव्हे, हिशेबाच्या सुरात सांगितले.

हा हिशेब शासनाने एकदा तिच्या बाजूने मांडून पाहावा. ही बाई सुधारायला तयार नव्हती असे मला कधीच वाटले नाही. मुलीच्या लशीची तारीख तिला कोर्टाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ होती. तान्हे मूल जवळ असण्याच्या काळात बाई स्वतःहून जुनी संगत तोडायला बघते आणि शिकवलेले ऐकते. न्यूयॉर्क राज्यातील बेडफर्ड हिल्स तुरुंगात 1901 पासून माता आणि बाळांसाठी स्वतंत्र विभाग आहे. तेथून सुटलेल्या 139 मातांचा 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, तीन वर्षांत त्यांतल्या सुमारे 86 टक्के पुन्हा तुरुंगात गेल्या नाहीत आणि नव्या गुन्ह्यासाठी परतलेल्या जेमतेम 4 टक्के होत्या. त्या विभागासाठी महिला निवडून घेतल्या जातात, तेव्हा सारे श्रेय त्या विभागाला देणे बरोबर नाही, हेही खरे. तरीही आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आपल्याकडे नियमांची वाण नाही. सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2006 रोजी आर. डी. उपाध्याय प्रकरणात सविस्तर निर्देश दिले. मुलाला आईजवळ सहा वर्षांपर्यंत राहता येईल, तीन वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर आणि त्यापुढील मुलांसाठी बालवाडी असावी, जन्मदाखल्यावर तुरुंगाचा उल्लेख नसावा, आणि सहा वर्षांनंतर शासनाच्या देखरेखीखाली ठेवलेल्या मुलाची आठवड्यातून एकदा तरी आईशी भेट व्हावी. यांतला शेवटचा निर्देश मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आईची उमेद टिकते ती त्या भेटीवर. कैद्यांची त्यांच्या मुलांशी भेट घडवणारा आपल्या राज्यातील ‘गळाभेट’ हा चांगला उपक्रम आहे, पण वर्षातून एखाद्या वेळी फोटोंसह होणारी भेट आणि दर आठवड्याची भेट यांत फार अंतर आहे.

तुरुंगातील पाळणाघर रंगवून देणारे देणगीदार मुंबईत मिळतात. मिळत नाही ते सुटकेनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांसाठी पैसा देणारे कुणी. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून मुंबईतील तुरुंगांत आणि तुरुंगाबाहेर हे काम करतो आहे, पण ही जबाबदारी एका प्रकल्पाच्या खांद्यावर टाकून गृह विभाग आणि महिला व बालविकास विभाग या दोघांनीही मोकळे होणे योग्य नाही. मूल कडेवर असलेल्या प्रत्येक बंदिनीची सुटकेच्या निदान महिनाभर आधी, आणि कच्च्या कैदीच्या बाबतीत जामीन अर्ज दाखल होतानाच, एका समाजकार्यकर्त्याशी गाठ घालून द्यावी. राहण्याची जागा, अंगणवाडीतील नाव, आधार कार्ड आणि बालसंगोपन योजनेचा अर्ज ही कामे ती आत असतानाच मार्गी लागावीत. बाईला शिवण येत असेल तर शिलाईचे काम कुठे मिळेल हे तिला बाहेर पडण्याआधी माहीत असावे. आणि लेकरू घेऊन निघालेल्या बाईची सुटका दिवसाउजेडी व्हावी. कागद उशिरा आले म्हणून ती रात्रीच होणार असेल, तर दाराशी महिला वसतिगृहाची गाडी तरी उभी असावी.

एक निवृत्त बालवाडी शिक्षिका,
लालबाग, मुंबई