क्रॉसओव्हर किट आणि ऑप्टिकल ड्राइव्ह छापील माहितीप्रमाणे न मिळाल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

महोदय,

मी आपल्याकडून एकाच ऑर्डरमध्ये टू-वे स्पीकरचे क्रॉसओव्हर (खालचे स्वर मोठ्या वूफरकडे आणि वरचे छोट्या ट्वीटरकडे वाटून देणारे सर्किट) अपग्रेड किट आणि संगणकासाठी सीडी वाचणारी एक ऑप्टिकल ड्राइव्ह मागवली. दोन्ही वस्तू निवडल्या त्या आपणच दिलेली तांत्रिक माहिती वाचून. हाती आले ते वेगळेच. विचारणा केली तेव्हा ‘मूळ भाग शिल्लक नसल्याने तितकेच चांगले पर्यायी भाग पाठवले आहेत’ असे एका ओळीचे उत्तर देऊन तक्रार बंद करण्यात आली. ती पुन्हा उघडावी, म्हणून हे पत्र. पर्यायी भाग तितकेच चांगले नाहीत. एक तर मी काढून ठेवलेल्या जुन्या भागापेक्षाही वाईट आहे.

तो म्हणजे वूफरची कॉइल. माहितीपत्रकात १.५ मिलिहेन्री, एअर-कोअर (आत लोखंडी गाभा नसलेली), १.४ मिमी तार आणि ०.३५ ओहम रोध असे स्पष्ट लिहिले आहे. आलेल्या कॉइलची तार व्हर्नियरमध्ये धरली तर वरच्या इनॅमलसकट ०.७ मिमी भरते. रोध ०.८८ ओहम. मीटरच्या दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवून येणारे रीडिंग वजा केल्यावरचा हा आकडा आहे, तेव्हा ‘मीटरची चूक असेल’ हे उत्तर कृपया देऊ नये. इंडक्टन्स, म्हणजे मिलिहेन्रीतला आकडा, मात्र बरोबर १.५ आहे, आणि आपल्याकडची तपासणी बहुधा तेवढ्यावरच संपते.

कारखान्यातून आलेली लोखंडी गाभ्याची जुनी कॉइल ०.३ ओहमची होती. एअर-कोअर घ्यायची ती मोठ्या आवाजात गाभा चुंबकीयदृष्ट्या तुंबून बेस बिघडू नये म्हणून. पण गाभा नसला की तेवढ्याच इंडक्टन्ससाठी वेढे वाढतात, तार लांबते आणि रोध आटोक्यात ठेवायचा तर ती जाडच लागते. जाड तांबे महाग पडते हे मला कळते. मात्र मी पैसे जाड तारेचे मोजले आहेत. माझ्या वूफरचा स्वतःचा डीसी रोध ५.८ ओहम आहे. त्याच्यापुढे ०.३ ऐवजी ०.८८ आल्यावर त्याची पातळी सुमारे पाऊण डेसिबलने उतरते, हे एक वेळ चालवून घेतले असते. पण अँप्लिफायरची वूफरवरची पकडही सैल होते, खालचे स्वर जिथे थांबायचे तिथे थांबत नाहीत, रेंगाळतात. अपग्रेडच्या नावाखाली हे विकत घेण्याची मला गरज नव्हती.

आता ट्वीटर. आराखड्यात त्याच्या सिरीजमध्ये ४.७ मायक्रोफॅरडचा, ५ टक्के टॉलरन्सचा पॉलिप्रॉपिलीन कॅपॅसिटर आहे. पाकिटात निघाले ते ५.६ छापलेले. फोनवर आपल्या प्रतिनिधीने मला समजावले, ‘सर, व्हॅल्यू मोठी आहे, म्हणजे तुमचा फायदाच झाला.’ कॅपॅसिटर म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, मोठी मिळाली म्हणून आनंद मानायला. कॉइल बाजूला ठेवून नुसता कॅपॅसिटर आणि ८ ओहमचा भार धरला, तर ४.७ ची छेदवारंवारता (जिच्याखालचे स्वर ट्वीटरपर्यंत कमी कमी पोचतात ती) सुमारे ४,२३० हर्ट्झ येते आणि ५.६ ची सुमारे ३,५५०. पूर्ण सर्किटमध्ये नेमके आकडे बदलतील, दिशा बदलणार नाही: जे वूफरने वाजवायचे ते ट्वीटरच्या नाजूक व्हॉइस कॉइलवर येऊन पडते. अशाने ट्वीटर जळाला तर तो वॉरंटीत धरणार का, हेही लेखी कळवावे.

त्याच कॅपॅसिटरसोबत यायचा छोटा वायरवाउंड रेझिस्टर किटमध्ये नाहीच. बोर्डावर त्या जागी तारेचा सरळ तुकडा डाग देऊन बसवला आहे. जुन्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध ट्वीटरला थोडे दाबून ठेवतो, पॉलिप्रॉपिलीनसारख्या फिल्म कॅपॅसिटरचा जवळजवळ नसतो. ती भरपाई करण्यासाठीच आपल्या आराखडाकाराने तो रेझिस्टर घातला असणार. बोर्ड भरणाऱ्याला तो फालतू वाटला. परिणामी गाण्यातला प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतो. शिवाय वूफरची आणि ट्वीटरची कॉइल एकमेकींना खेटून, दोन्ही आडव्या बसवल्या आहेत. एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीत उतरू नये म्हणून त्या लांब आणि काटकोनात ठेवायच्या, ही अगदी प्राथमिक गोष्ट आहे.

ड्राइव्हबद्दल थोडक्यात. मला ती ऑडिओ सीडी संगणकावर उतरवून घेण्यासाठी हवी होती, आणि निवडली ती केवळ ‘सी-टू एरर रिपोर्टिंग’ची सोय छापलेली होती म्हणून. वेग माझ्या दृष्टीने गौण आहे. डेटा सीडीच्या सेक्टरमध्ये २,०४८ बाइट माहिती असते आणि तिच्यासोबत चूक-दुरुस्तीचा जादा थर असतो. ऑडिओ सेक्टरचे सर्वच्या सर्व २,३५२ बाइट संगीताचे असतात, तो थर तिथे नसतो. ओरखडा मोठा असला की ड्राइव्ह अंदाजाने नमुने भरते, आणि असे कुठे घडले हे संगणकाला सी-टूमुळेच कळते. आलेल्या खोक्यावर नाव तेच आहे, पण सॉफ्टवेअरमध्ये ड्राइव्ह स्वतःची ओळख दुसऱ्याच मॉडेलची सांगते आणि सी-टू उपलब्ध नाही असे दाखवते. ओरखडे असलेली एक सीडी लागोपाठ उतरवली तर एकाच गाण्याच्या दोन फाइली जुळत नाहीत, आणि ड्राइव्ह मात्र एकही चूक नोंदवत नाही. खोक्यावर जुने नाव ठेवून आत दुसरे यंत्र देणे याला पर्यायी भाग म्हणत नाहीत.

माझ्या मागण्या अशा. जोडीतल्या दोन्ही स्पीकरसाठी छापील माहितीप्रमाणे १.४ मिमी तारेच्या दोन कॉइल, ४.७ मायक्रोफॅरडचे मोजून जुळवलेले दोन कॅपॅसिटर आणि वगळलेले दोन्ही रेझिस्टर पाठवावेत. बोर्ड बदलून नको, मी भाग स्वतंत्र लाकडी पट्टीवर बसवून घेईन. फक्त त्याची रक्कम वळती करावी. ड्राइव्ह आपल्या खर्चाने परत न्यावी आणि पूर्ण पैसे द्यावेत. तिच्या जागी दुसरी पाठवू नये, ती मी आता स्वतः तपासून घेईन. आणि भाग बदलले असतील तर संकेतस्थळावरची माहिती आजच बदलावी, कारण ती वाचून अजूनही कोणीतरी ऑर्डर देत असेल.

व्हर्नियर आणि मीटरवरील आकडे दिसतील अशी छायाचित्रे, ड्राइव्हच्या ओळखीचा स्क्रीनशॉट आणि ऑर्डरच्या वेळी जतन केलेले आपले माहितीपत्रक सोबत जोडले आहे. उत्तर लेखी आणि मुद्देसूद असावे. फोन करू नये.

आपला,
एक ग्राहक
(नाव व ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर)