फॉरमॅट मारायच्या आधी जरा थांबा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम (तिचे प्रकार म्हणजे उबुंटू, मिंट) टाकून घेणारे आमच्याकडे बरेच दिसायला लागलेत, आणि चांगलंच आहे, चालता लॅपटॉप भंगारात कशाला घालायचा. पण इन्स्टॉल कसं करायचं तेवढंच सगळीकडे छापून येतं, पुढे अडलं की काय ते कुणी लिहीत नाही.

होतं काय, विंडोजचं एखादं मोठं अपडेट येतं आणि दुसऱ्या दिवशी उबुंटू की विंडोज असं विचारणारा मेनूच गायब, डायरेक्ट विंडोज चालू. आमच्या शेजारच्या पोराला दुकानात सांगितलं, लिनक्स उडालंय, सगळं फॉरमॅट मारावं लागेल, म्हणजे डिस्क पुसून पहिल्यापासून. अहो उडालेलं काही नव्हतं! चालू करताना एफ२ दाबून (काही मशीनला एफ१२ किंवा डिलीट) बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) गेलो तर बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे आधी कुठली सिस्टीम चालू करायची त्या यादीत, उबुंटू खाली गपचूप बसलेलं, त्याला वर घेतलं, सेव्ह केलं, संपलं. त्याचा कॉलेजचा प्रोजेक्ट डिस्कच्या त्याच लिनक्सवाल्या भागात होता हे दुकानदाराने विचारलंसुद्धा नव्हतं.

घड्याळाची तर वेगळीच गंमत. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक (ग्रीनिचची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची) वेळ ठेवतं आणि विंडोज तीच आपली लोकल वेळ समजतं, म्हणून लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे. यावर लोक मदरबोर्डचा सेल बदलून घेतात! सेल गेला असता तर फरक दर वेळी असा साडेपाच तासांचाच कशाला पडला असता. लिनक्समध्ये एक सेटिंग बदललं की भागतं. विंडोजचा डी ड्राइव्ह लिनक्समधून उघडतो पण काही सेव्ह होत नाही, हे बहुतेक वेळा विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे (लवकर चालू व्हावं म्हणून विंडोज पूर्ण बंदच होत नाही), ते बंद करा.

आता दर वेळी चूक वापरणाऱ्याची असते असंही नाही. ऑगस्ट २०२४ च्या सिक्युरिटी अपडेटने दोन सिस्टीमवाल्या कितीतरी मशीनवर लिनक्स चालूच होईना, दोन सिस्टीम असतील तिथे हे अपडेट लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं तरी, आणि पक्का इलाज आला मे २०२५ मध्ये. मधल्या काळात सिक्युअर बूट (खात्रीची सिस्टीमच चालू होऊ देणारं बायोसमधलं कुलूप) तात्पुरता बंद करून, लिनक्समधून एक कमांड देऊन काम चालायचं, पण तेव्हाही फॉरमॅट मारून घेतलेले असतीलच.

एक मात्र सांभाळा. सिक्युअर बूटला हात लावायच्या आधी बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा, असेल तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून आधीच कागदावर उतरवून ठेवा. नाहीतर मग खरंच फॉरमॅट मारायची वेळ येऊ शकते.

तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर यावर अर्धा कॉलम तरी द्या ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, इचलकरंजी