उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: संघटनेच्या निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या प्राध्यापकाला आधी संरक्षण द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, सप्रेम नमस्कार.

आमच्या प्राध्यापक संघटनेची निवडणूक तोंडावर आली आहे. अध्यक्ष, प्रमुख कार्यवाह, कोषाध्यक्ष, कोल्हापूर, सांगली आणि सातारा या जिल्ह्यांचे सहकार्यवाह आणि कार्यकारिणी अशा जागा भरायच्या आहेत. प्रमुख कार्यवाहपदासाठी मी अर्ज भरते आहे. हे पत्र मतं मागायला लिहिलेलं नाही. मतदारयादीत तुमचं नाव नाहीच. लिहिते आहे ते एवढ्यासाठी की या निवडणुकीत उभं राहायला माणसं मिळत नाहीत, आणि ती का मिळत नाहीत याचं मोठं कारण तुमच्या खात्याच्या हातात आहे.

निवडणूक म्हटली की कोल्हापूरला उत्साह शिकवावा लागत नाही. साखर कारखाना असो, दूध संघ असो, बाजार समिती असो नाहीतर गावची सेवा सोसायटी, पॅनेलं उभी राहतात, नाराज भेटतात, ठरावधारकांना (संस्थांच्या वतीनं मत देणाऱ्यांना) सहलीला नेऊन मतदानाच्या दिवशी सकाळी थेट केंद्रावर उतरवलं जातं. त्याच जिल्ह्यात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या, लोकशाहीवर प्रबंध लिहिलेल्या माणसांच्या संघटनेत गेल्या खेपेला बहुतेक पदं बिनविरोध गेली. वर्तमानपत्रात बातमी आली, हार घातलेले फोटो ग्रुपवर फिरले. बिनविरोध म्हणजे एकमत, असं मात्र समजू नका. दुसरा अर्जच आला नव्हता.

या वेळचा अनुभव सांगते. अर्जाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. माझ्या अनुमोदकानं, शहरातल्याच एका महाविद्यालयातल्या सहकाऱ्यानं, स्टाफरूममध्ये आनंदानं सही केली. दोन पेढेही खाल्ले. रात्री फोन आला, "मॅडम, राग मानू नका, पण तेवढी माझी सही काढता येईल का?" कारण विचारलं तर आधी टाळाटाळ, मग म्हणाले, "संस्थेच्या ऑफिसातून सहज चौकशी झाली. चंदगडची हवा मानवेल का तुम्हाला, म्हणून." त्यांची पत्नी करवीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मुलगी बारावीला आहे. चंदगड कोल्हापूरपासून शंभर किलोमीटरच्या पलीकडे. मी सही काढली. त्यांच्या जागी असते तर फोन करायला मी रात्रीपर्यंतही थांबले नसते.

बदलीचा आदेश असा कधी धमकीच्या भाषेत येत नाही. "कार्यभाराच्या सोयीसाठी", "प्रशासकीय गरज म्हणून" असे त्याचे ठरलेले शब्द आहेत. दोन-तीन जिल्ह्यांत महाविद्यालयं असलेल्या मोठ्या संस्थांना बदल्या कराव्याच लागतात, हे मलाही मान्य आहे. कुठे विद्यार्थी घटतात, कुठे निवृत्तीनं जागा रिकामी होते. पण संघटनेत पद घेतलेल्या माणसाच्याच विषयाचा कार्यभार, म्हणजे शिकवायचे तास, नेमका निवडणुकीच्या तोंडावर दूरच्या तालुक्यात कसा वाढतो, याचं गणित मला आमच्या संख्याशास्त्राच्या विभागातही कुणी सोडवून दिलेलं नाही.

आता दाद कुठे मागायची? 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात तक्रार निवारण समिती आहे. विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण आहे. तिथं बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती यांविरुद्ध अपील करता येतं. साधी बदली मात्र यात बसवायला वकिलाचं कसब लागतं. आदेश शुक्रवारी हातात पडतो आणि हजर व्हायचं असतं सोमवारी. तक्रार नोंदवून तिला तारीख मिळेपर्यंत माणूस नव्या गावात भाड्याची खोली बघून बसलेला असतो आणि संघटनेच्या रविवारच्या सभेला यायला त्याला पहाटेची एसटी धरावी लागते.

शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत मात्र चित्र वेगळं आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानं कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्यांसाठी 'संरक्षित कामगार' अशी तरतूद केली. एकूण कामगारांच्या एक टक्का, किमान 5 आणि कमाल 100 जणांना हा दर्जा मिळतो. वाद न्यायप्रविष्ट असताना अशा कामगाराला पूर्वपरवानगीशिवाय काढता येत नाही, की त्याच्या सेवाशर्ती त्याला तोट्यात घालतील अशा बदलता येत नाहीत. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. आम्हाला ती लागू का नाही? 1978 साली सर्वोच्च न्यायालयानं बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात शिक्षणसंस्थेला उद्योग मानलं. पुढे 1988 मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयानं सांगितलं की संस्था उद्योग असली तरी शिक्षक कामगार ठरत नाही. म्हणजे कारखाना आहे, पण त्यात शिकवणारा कामगार नाही. माझ्याच महाविद्यालयातल्या प्रयोगशाळा परिचराला त्या कायद्याचा आधार मिळू शकत होता, मला नाही. निकालावर टीका करण्याचा माझा अधिकार नाही आणि हेतूही नाही. पण 1988 पासून ही जागा रिकामी आहे, आणि ती भरायचं काम न्यायालयाचं नव्हे, शासनाचं आहे.

बदलीच्या भीतीतून जो सुटतो तो वेळेत अडकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 आणि सहयोगी प्राध्यापकाला 14 तास प्रत्यक्ष अध्यापन असतं. त्यावर प्रवेश, परीक्षा, महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली, आणि आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार दर सत्राला बदलणारे अभ्यासक्रम. त्याच विनियमांत कर्तव्य रजेची यादी आहे: परिषदा, व्याख्यानं, शासनानं नेमलेल्या समित्यांवरचं काम. संघटनेचं काम त्या यादीत नाही. पदोन्नतीसाठी जे उपक्रम धरले जातात, त्यांतही नाही. उच्च शिक्षण सहसंचालकांबरोबर एखाद्या सहकाऱ्याच्या अडकलेल्या वेतननिश्चितीची बैठक असली तर ती कामाच्याच दिवशी, कामाच्याच वेळेत असते. म्हणजे तुमच्याच खात्याच्या कार्यालयात तुमच्याच बोलावण्यावरून जायचं, आणि रजा मात्र स्वतःची किरकोळ टाकायची. शासकीय कर्मचाऱ्यांच्या मान्यताप्राप्त संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना विशेष नैमित्तिक रजेची सोय आहे. अनुदानित महाविद्यालयातला प्राध्यापक पगार घेतो त्याच तिजोरीतून, पण ही सोय त्याच्या वाट्याला येत नाही.

बायकांचं तर विचारूच नका. सभा रविवारी, कोल्हापुरात, आणि संपायची वेळ कधीच ठरलेली नाही. अध्यक्षपदाच्या खुर्चीवर आजवर किती बाई बसल्या हे शोधायला आमच्या कार्यालयातल्या फोटोंची भिंत पुरेशी आहे.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. आमच्या महाविद्यालयात एक तरुण सहकारी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, शिकवतो. सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला, पीएच.डी. झालेला. सकाळी इथं, दुपारी कागलकडे दुसऱ्या महाविद्यालयात. दरवर्षी जूनमध्ये त्याची नव्यानं मुलाखत होते, त्याच विषयासाठी, बऱ्याचदा त्याच माणसांसमोर. आमच्या स्थानिक शाखेचं इतिवृत्त तोच लिहितो. ठराव, सूचक, अनुमोदक, झालेली चर्चा, सगळं सुवाच्य अक्षरात. चर्चेत कोण कुणावर ओरडलं तेवढं तो शहाणपणानं गाळतो. शेवटी सही मात्र माझी असते. कारण 2016 च्या कायद्यात 'शिक्षक' या व्याख्येत पूर्णवेळ, मान्यताप्राप्त असेच शिक्षक बसतात, आणि आमच्या संघटनेच्या घटनेनंही तीच चौकट उचलली आहे. विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) शिक्षकांच्या मतदारसंघातून 10 प्रतिनिधी जातात. त्यांना निवडण्याचा अधिकार त्याला नाही. संघटनेच्या अध्यक्षाला निवडण्याचाही नाही. एकदा त्याला म्हटलं, सभेत उभं राहून तुझ्या मानधनाबद्दल तूच बोल. म्हणाला, "मॅडम, जूनमध्ये कॅबिनच्या त्या बाजूला कोण बसलेलं असेल ते आत्ता कळत नाही ना."

2021 मध्ये शासनानं 2088 जागा भरायला मान्यता दिली तेव्हा त्याच्यासारख्यांना उमेद वाटली होती. त्या भरतीचा प्रवास तुमच्या खात्याला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. पण जोपर्यंत वर्गातले इतके तास हेच लोक घेत आहेत, तोपर्यंत त्यांच्याशिवाय निवडून आलेली कुठलीही कार्यकारिणी, अगदी मी निवडून आले तर माझीसुद्धा, अर्ध्या स्टाफरूमचीच असणार.

आमच्या घरातलं झाकून ठेवून तुम्हाला दोष द्यायचा, असं मी करणार नाही. काही जणांना संघटनेचं पद म्हणजे अधिसभेची पायरी वाटते. तीच नावं आलटूनपालटून फिरतात. काल अध्यक्ष होते ते आज सल्लागार, आजचे सल्लागार उद्या पुन्हा अध्यक्ष. तरुणांनी पुढे यावं असं भाषणात सांगायचं आणि अर्ज कधी, कुठं मिळतात ते शेवटच्या दिवशी कळवायचं, हेही मी पाहिलं आहे. घटनेतली सभासदत्वाची चौकट बदलण्याचा ठराव मी माझ्या जाहीरनाम्यात पहिला घातला आहे. तो मंजूर करून घेणं आमचं काम. त्यात शासनाची मदत नको.

पण भीती घालवणं आमच्या एकट्याच्या हातात नाही. 2013 चा परीक्षा बहिष्कार तुम्हाला आठवत असेल. एम्फुक्टोच्या, म्हणजे राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाच्या, हाकेवर 4 फेब्रुवारी ते 10 मे या काळात राज्यभरचे प्राध्यापक परीक्षेच्या कामापासून दूर राहिले. नंतर 71 दिवसांचं वेतन अडकलं, आणि 2018 च्या आंदोलनातही त्या वेतनाची मागणी होतीच. त्या बहिष्कारात विद्यार्थ्यांचे हाल झाले, हे मी नाकारत नाही. माझ्या वर्गातली मुलं तेव्हा निकालासाठी खोळंबली होती. पण आज मागे बघताना वाटतं की ज्यांच्याशी शासनानं शेवटी चर्चा केली, ते पदाधिकारी निदान होते. स्वतःच्या नावावर निवडून आलेले, माघार घ्यायची तरी सभासदांना तोंड द्यावं लागेल असे. अशी माणसं उद्या उरली नाहीत तर शासन बोलणार कुणाशी? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपशी? तिथं अध्यक्ष नसतो, ॲडमिन असतो, आणि तो कंटाळला की ग्रुप सोडून जातो.

या कोल्हापुरानं टोलविरोधी लढा दिला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी सहा जिल्ह्यांतले वकील कित्येक वर्षं रस्त्यावर उतरले आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्किट बेंच सुरू झालं. त्या सगळ्या काळात बार असोसिएशनच्या निवडणुका होत राहिल्या, माणसं उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. वकिलाची बदली करणारं कुणी नसतं, एवढाच काय तो फरक.

म्हणून मागणी साधी आहे. नोंदणीकृत प्राध्यापक संघटनेच्या निवडणुकीत अर्ज भरल्यापासून पदाची मुदत संपून पुढचं एक वर्ष होईपर्यंत, उमेदवाराची आणि पदाधिकाऱ्याची बदली त्याच्या लेखी संमतीशिवाय करू नये, असा शासन निर्णय काढा. सूचक-अनुमोदकांनाही तो निवडणूक होईपर्यंत लागू करा. खरोखरच कार्यभार संपला असेल तर संस्थेनं आधी सहसंचालकांकडे कारणं मांडावीत. हवं तर त्यांना पंधरा दिवसांत निर्णय द्यायला सांगा. पदाधिकाऱ्यांना शासनाच्या, विद्यापीठाच्या बैठकांसाठी कर्तव्य रजा द्या. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला संघटनेत भाग घेतला म्हणून पुढच्या वर्षी डावललं, तर ती तक्रार ऐकायला विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीला स्पष्ट अधिकार द्या. व्याख्येतली दुरुस्ती विधिमंडळाचं काम आहे, तिला वेळ लागेल हे समजतं. बाकीच्या गोष्टींना पैसा लागत नाही, वित्त विभागाकडे फाईल पाठवावी लागत नाही.

माझ्याविरुद्ध अर्ज यावा, अशीही माझी इच्छा आहे. मला हरवून कुणी निवडून आलं तर त्याच्याकडे मी हीच मागणी घेऊन जाईन. अर्ज माघारीची मुदत पुढच्या महिन्यात संपते. त्याआधी निदान बदलीबाबतचं परिपत्रक सहसंचालकांमार्फत सर्व संस्थांना जावं, ही विनंती. मतदान कोल्हापुरात आहे. तुम्ही त्या आठवड्यात इकडे दौऱ्यावर असाल तर अर्धा तास द्या. इतिवृत्त लिहायला मी माझ्या त्या सहकाऱ्याला घेऊन येईन, आणि या वेळी खाली सहीही त्याचीच घेऊ.

आपली विश्वासू,
प्रमुख कार्यवाहपदाची एक उमेदवार
कोल्हापूर