जाहिरातीत 45 किलो, शिलाईत 20

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग, पुणे

विषय : शिकारीच्या सॅकसाठी घेतलेले दोन 'अपग्रेड संच' सांगितलेले ओझे पेलत नसल्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्या वेबसाइटवरून आम्ही दोघांनी एकाच ऑर्डरमध्ये दोन अपग्रेड संच मागवले. ऑर्डर क्रमांक ई-मेलच्या विषयात आहे. पावती आणि फोटो सोबत जोडले आहेत. प्रत्येक संचात नवी फ्रेम, सॅक, कमरपट्टा, लोड शेल्फ, मांसाच्या सहा पिशव्या आणि नारिंगी कव्हर आहे. दोन्ही संचांतले दोष तंतोतंत सारखे आहेत, तेव्हा 'एखादा नग खराब निघतो' हे उत्तर कृपया देऊ नये. याआधी आपल्याकडून दोन इंग्रजी उत्तरे आली, दोन्ही एकाच साच्यातली. कार्यालय पुण्याचे आहे म्हणून हे पत्र मराठीत लिहीत आहोत. निदान ते माणसाने वाचावे.

या मालाकडून काय अपेक्षा आहे ते आधी सांगतो, कारण भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे आणि आपल्या कारखान्यात हे ओझे कोणी पाहिलेले असण्याचा संभव कमी. आम्ही ही फ्रेम अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या फ्लॅट टॉप्स भागात, सुमारे तीन हजार मीटर उंचीवर, एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी वापरणार आहोत. हा भाग 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याखाली येतो. तिथे मोटार तर नाहीच, दोन चाकांची हातगाडीही चालत नाही. (आपल्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर 'चाकाची जोडणी वापरून मांस सहज ओढून न्या' असे छापले आहे. तसे केल्यास दंड ग्राहकाला भरावा लागेल.) घोडे नसतील तर मांस पाठीवरूनच बाहेर येते. मोठ्या नर एल्कचे हाडे काढलेले मांस साधारण 80 ते 100 किलो भरते. हाडासकट मागची एक मांडी 25 ते 32 किलोंची. त्यात पाणी, कपडे, सुऱ्या, रायफल किंवा धनुष्य धरले की एका फेरीला पाठीवर 36 ते 40 किलो सहज होतात. आपल्या जाहिरातीत '45 किलोपर्यंत' असे ठळक लिहिले आहे. आम्ही संच घेतले ते त्या एका आकड्यासाठी.

आता फ्रेमच्या आतल्या खिशात शिवलेली पांढरी पट्टी वाचा. तिच्यावर 'कमाल भार 20 किलो' असे छापले आहे. फोटो क्रमांक 1.

चाचणी आम्ही घरीच केली, कारण हंगामात मांडी पाठीवर असताना पट्टा तुटण्यापेक्षा गॅरेजमध्ये तुटलेला बरा. पाणी मऊ करण्याच्या यंत्रात घालायच्या मिठाच्या 40 पौंडी गोण्या इथे अमेरिकेत कुठल्याही दुकानात मिळतात. दोन गोण्या म्हणजे 36 किलो. त्या एकावर एक उभ्या बांधल्या, सगळे पट्टे ओढले, प्रत्येक बकलापाशी पट्ट्यावर पेनने रेघ मारली आणि चाळीस मिनिटे जिना चढउतार केली. मग रेघ बकलापासून किती सरकली ते मोजले.

पहिला आणि सगळ्यात गंभीर दोष स्टेचा, म्हणजे पाठीतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांचा. माहितीपत्रकात त्यांची लांबी 26 इंच दिली आहे. आलेल्या पट्ट्या 23 इंचांच्या आहेत, चारही मोजल्या. तीन इंचांनी काय बिघडते असे वाटेल, पण सगळे तिथेच बिघडते. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी जे हाड वर येते तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे पाठीची लांबी. आम्हा दोघांची ती 20 आणि 21 इंच आहे आणि आपल्या तक्त्यानुसार हा संच 21 इंचांपर्यंत चालतो. जड ओझ्याखाली कमरपट्टा थोडा खाली बसतोच, त्याबरोबर फ्रेमही खाली येते. त्यामुळे फ्रेमचे वरचे टोक खांद्याच्या चांगले वर असावे लागते, म्हणजे खांद्यावरून मागे जाणारा लोड लिफ्टरचा पट्टा 30 ते 45 अंशांत वर चढतो आणि ओढला की ओझे खांद्यावरून उचलून पाठीकडे खेचतो. 23 इंचांच्या पट्टीवर तो पट्टा आडवा होतो. आडवा पट्टा ओढला तर खांदेपट्टे फक्त मागे ताणले जातात, वजन एक किलोनेही हलत नाही. फोटो 4 मध्ये बाजूने रेघ आखून दाखवली आहे.

त्या पट्ट्यांची खालची टोके कापून तशीच सोडली आहेत, कड घासलेली नाही, टोपीही नाही. हे टोक ज्या खिशात बसते तो 500 डेनियर (धाग्याच्या जाडीचे माप) कापडाच्या एकाच पदराचा आहे. पाठीवरच्या ओझ्यातले बहुतेक वजन या दोन टोकांतून कमरपट्ट्यावर उतरते. एका फ्रेमची उजवी पट्टी चाळिसाव्या मिनिटाला खिसा कापून चार सेंटिमीटर बाहेर आली. दुसरीत कापड विरले आहे, अजून फाटलेले नाही. इथे जाड वेबिंगचे, म्हणजे विणलेल्या पट्ट्याचे, दोन पदर आणि टोकाला प्लास्टिकची टोपी हवी. शिवणही साधी सरळ आहे, टाका लांब. ताण येणाऱ्या जागी आडव्या दाट टाक्यांचा बारटॅक मारायचा असतो. आपल्याच खांदेपट्ट्यावर तो व्यवस्थित आहे, म्हणजे यंत्र आणि कारागीर दोन्ही आपल्याकडे आहेत. जिथे दिसते तिथे मारला, जिथे ओझे बसते तिथे नाही.

कमरपट्टा 38 मिलिमीटरच्या वेबिंगचा आहे. कोरडा असताना चाळीस मिनिटांत तीन सेंटिमीटर सरकला. बादलीत भिजवून पुन्हा केले तर वीस मिनिटांत पाच. दोष एकट्या बकलाचा नाही. वेबिंग पातळ आणि गुळगुळीत विणीचे आहे, बकलाचे दात जाड वेबिंगसाठी बनलेले. आम्ही आपल्या जुन्या मॉडेलचे वेबिंग त्याच बकलात घालून पाहिले, ते सरकले नाही. म्हणजे बकल तेच ठेवून वेबिंग स्वस्त केले. तीन सेंटिमीटर सैल झालेला कमरपट्टा कमरेच्या हाडावरून मांडीवर उतरतो आणि मग सगळा भार खांद्यांवर येतो. एकदा खांदे गेले की उताराला पाय घसरतात.

लोड शेल्फची कल्पना चांगली आहे: मांस पाठ आणि सॅक यांच्या मधे, म्हणजे जड वस्तू पाठीला चिकटून राहते. पण आवळायचे पट्टे आपण फ्रेमला न शिवता सॅकच्या कापडाला शिवले आहेत. ते ओढले की सॅकचे कापड ताणले जाते, गोणी आपल्या जागी ढिलीच राहते. दहा मिनिटांत वरची गोणी मागे कलली आणि एका पट्ट्याची शिवण उसवू लागली. शिवाय पट्टे दोनच आहेत, तळाला एक आणि वर एक. मिठाची गोणी निदान चौकोनी असते. मांडी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला हाड. मधला पट्टा नसेल तर जाड भाग खाली घसरतो आणि वजन कमरेच्या खाली लोंबते. ते खांद्याच्या फऱ्यांच्या मधोमध, पाठीलगत बसायला हवे. पुण्यात बसून याची खात्री करायची असेल तर मार्केट यार्डातल्या कुठल्याही हमालाला ही फ्रेम दाखवा. गाठ कुठे हवी होती ते तो पाठीवर न घेताच सांगेल.

मांसाच्या पिशव्यांबद्दल लिहिताना थोडा राग येतो, कारण इथे चूक झाली तर फक्त पाठ दुखत नाही, जनावर वाया जाते. आपल्या पिशव्या आतून प्लास्टिकचा थर दिलेल्या आहेत आणि त्यांची 'वॉटरप्रूफ' म्हणून जाहिरात आहे. ताज्या मांसात उष्णता असते, सगळ्यात जास्त मागच्या मांडीच्या खुब्याजवळ. ती बाहेर पडली नाही तर हाडापासून मांस आंबते, वरून लाल दिसत असतानाही. सप्टेंबरच्या दुपारी तीन हजार मीटरवरही ऊन चांगलेच तापते. म्हणून पिशवीतून वारा जायला हवा, पृष्ठभाग वाळून त्याची पातळ साल धरायला हवी, आणि वीण इतकी बारीक हवी की माशीला अंडी घालता येऊ नयेत. कोरा सुती कपडा किंवा बारीक विणीचा सिंथेटिक, दोन्ही चालतात. प्लास्टिक चालत नाही. मापही चुकले आहे: 40 बाय 60 सेंटिमीटरच्या पिशवीत हाडासकट मांडी जात नाही, नळी बाहेर राहते आणि माशा तिथूनच शिरतात.

आणि या पिशव्यांना झाडापानांचा कॅमोफ्लाज रंग कोणी सुचवला? पहिल्या फेरीचे मांस गाडीपाशी ठेवून दुसऱ्या फेरीला परत यायचे असते, बहुतेक वेळा अंधारात, टॉर्च घेऊन. उरलेले मांस झाडाला टांगलेले असते. ते सापडावे म्हणून पिशव्या पांढऱ्या असतात आणि दोरीला चमकणारी पट्टी असते. मेलेल्या एल्कला आता कोणापासून लपायचे आहे?

नारिंगी कव्हरचे थोडक्यात. कोलोरॅडोत रायफलच्या हंगामात कमरेच्या वर किमान 500 चौरस इंच, म्हणजे सुमारे 3225 चौरस सेंटिमीटर, सलग फ्लुरोसंट नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी अंगावर असावी लागते. नारिंगीवर काळी पाने छापलेला कपडा त्यात धरत नाहीत. आपल्या कव्हरवर ती पानेच आहेत आणि पाकिटावर 'सर्व राज्यांत कायदेशीर' असा शिक्का आहे. कव्हर सॅकचे आहे, कपडा नाही, हे तर वेगळेच. जाकिटाची पाठ सॅकखाली झाकली जाते, म्हणून सॅकवर सलग नारिंगी असणे उपयोगाचेच आहे, विशेषतः शिंगे बांधून चालताना. पानांची छपाई काढली तर हेच कव्हर चांगले आहे. पाकिटावरचा शिक्का मात्र आजच काढा, तो वाचून नवखा माणूस नारिंगी जाकीट घरी ठेवून निघेल.

सॅकच्या आतले पॉलियुरेथेनचे कोटिंग बोटाला चिकटते आणि त्याला आंबूस वास येतो. हा वापरातला दोष नाही, संच पाकिटातून काढला तेव्हापासून आहे. दमट हवेत आणि उष्णतेत पॉलियुरेथेनचे विघटन होते, आधी ते चिकट होते, मग पापुद्रे सुटतात. शिवलेल्या पट्टीवरची निर्मितीची तारीख दोन वर्षांपूर्वीची आहे. कोकणातल्या घरात माळ्यावर टाकलेल्या छत्रीचे किंवा रेनकोटचे जे होते तेच इथे झाले आहे. माल गोदामात दोन पावसाळे राहिला असेल तर पाठवण्यापूर्वी एक पाकीट उघडून आत बोट दाबून पाहणे अवघड नव्हते. हा थर धुऊन किंवा वाळवून परत येत नाही.

एक लहान गोष्ट: धुण्याच्या सूचनेत 'नेहमीचा डिटर्जंट वापरा' असे आहे. बहुतेक डिटर्जंटमध्ये कपडे उजळ दिसावेत म्हणून ब्राइटनर असतात आणि ते अतिनील प्रकाशात चमकतात. हरणांना तो प्रकाश आपल्यापेक्षा चांगला दिसतो. 'ब्राइटनर नसलेला' एवढे दोन शब्द छापा.

आपल्या पहिल्या उत्तरात 'ओझे जास्त वाटत असल्यास दोन फेऱ्या कराव्यात' असा सल्ला आहे. फेऱ्या तशाही तीन-चार होतातच. प्रत्येक फेरी 20 किलोंची केली तर त्या सहा-सात होतील, उन्हात मांस तितका वेळ थांबत नाही. दुसऱ्या उत्तरात आपण पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेला फोटो मागितला होता. तो क्रमांक 9 वर आहे. फाटलेला खिसा कुठल्याही पार्श्वभूमीवर फाटलेलाच दिसतो.

आमची मागणी अशी. दोन्ही फ्रेमसाठी 26 इंचांचे स्टे, दुहेरी पदराचे आणि बारटॅक मारलेले खिसे, जुन्या जाडीचे वेबिंग, आणि आवळायचे तीन पट्टे थेट फ्रेमला शिवलेले, असा बदली माल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आमच्या हातात पडावा. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतो आणि नवी फ्रेम अंगवळणी पडायला तीन आठवडे लागतात. आधी 15 किलो, मग 25, मग पूर्ण ओझे. तोवर जमत नसेल तर दोन्ही संचांची पूर्ण किंमत, येण्याजाण्याच्या टपालखर्चासह, परत करावी. मांसाच्या पिशव्या बदलून नकोत, त्यांचे पैसे द्यावेत. चिकट झालेल्या सॅक आपल्या खर्चाने परत न्याव्यात.

जाहिरातीतला 45 किलोंचा आकडा आणि शिवलेल्या पट्टीवरचा 20 किलोंचा, यांतला खरा कोणता ते लेखी कळवावे आणि दुसरा काढून टाकावा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसह संपूर्ण प्रकरण पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे मांडू.

फाटलेली फ्रेम आणि बाहेर आलेली पट्टी जपून ठेवली आहे. पत्ता कळवल्यास पाठवू.

आपले,
दोन संचांचे दोन ग्राहक

सोबत : पावती, चाचणीतली मापे, जाहिरातीचा आणि शिवलेल्या पट्टीचा फोटो एकाच पानावर